तिरका प्लॉट आणि गुण्यातलं घर : पायाच्या आखणीचं एक प्रकरण

यावल तालुक्यातल्या एका गावाबाहेर, पूर्वीच्या केळीच्या शेतावर बिनशेती वसाहत पडली. तिच्यातला अगदी कडेचा, बांधाला लागून असलेला प्लॉट. रस्त्याकडे 12 मीटर आणि आत 15 मीटर, म्हणजे फुटात सांगायचं तर 39 फूट 4 इंच बाय 49 फूट 2 इंच. त्यावर तळमजल्याचं, पुढेमागे एक मजला चढवता येईल असं घर बांधायचं होतं. कॉलम नऊ, तीन-तीनच्या तीन रांगा. कॉलमच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजलं तर रुंदी 24 फूट, खोली 32 फूट. म्हणजे चार खण आणि प्रत्येक खण 12 बाय 16 चा.

रस्त्याकडच्या रांगेचे तीन फुटिंग, म्हणजे कॉलमखालचे रुंद पाये, ओतून झाले होते. मधल्या आणि मागच्या रांगेच्या खड्ड्यांत पीसीसी (तळाचं बिनसळईचं कॉंक्रीट) पडलं होतं, सळईच्या जाळ्या बांधून ठेवल्या होत्या. कॉंक्रीट दुसऱ्या दिवशी होतं. त्या संध्याकाळी इंजिनिअरने कर्ण मोजायला लावले आणि दोन कर्णांत पावणेअकरा इंचांहून जास्त फरक निघाला. खुंट्या लावल्या त्या दिवसापासून सगळे एकमेकांना सांगत होते, ‘बठ्ठं गुन्यामा शे,’ म्हणजे सगळं गुण्यात आहे.

मालक, मिस्त्री आणि सेंट्रिंगवाला हे तिघेही ‘गुण्यात’ हाच शब्द वापरत होते, पण प्रत्येकाच्या मनात वेगळं काहीतरी होतं. म्हणून आधी तो शब्द नीट पाहू.

गुण्या म्हणजे गवंड्याचं किंवा सुताराचं काटकोनी हत्यार, इंग्रजी एल अक्षरासारखं, लोखंडी किंवा लाकडी. त्यावरून ‘गुण्यात असणं’ म्हणजे दोन रेषा किंवा दोन भिंती एकमेकींशी बरोबर 90 अंशांत असणं. शाळेच्या पुस्तकातला काटकोन तो हाच. साइटवर याच्या शेजारी आणखी तीन शब्द रोज चालतात आणि गल्लत तिथेच होते. ‘ओळंब्यात’ म्हणजे उभी वस्तू सरळ खाली, जमिनीच्या ओढीच्या रेषेत असणं. ‘लेव्हलमध्ये’ किंवा जुन्या बोलीत ‘पाणसळीत’ म्हणजे आडवी पातळी सारखी असणं. ‘लायनीत’ म्हणजे एका दोरीत असणं. भिंत ओळंब्यात असेल, लायनीत असेल, वरून लेव्हलमध्येही असेल, तरी शेजारच्या भिंतीशी गुण्यात असेलच असं नाही. चारही तपासण्या वेगळ्या, त्यांची साधनंही वेगळी.

आणखी एक गोष्ट या शब्दातच येते. ओळंबा एकट्या भिंतीला लावता येतो. गुण्या एकट्या भिंतीला लागत नाही, त्याला दुसरी बाजू लागते. ‘घर गुण्यात घ्या’ एवढं सांगून काम भागत नाही. कुठल्या रेषेशी गुण्यात, हे सांगावं लागतं. या घरात तेच सांगायचं राहिलं. मालकाला वाटत होतं, घर प्लॉटच्या कुंपणाला समांतर आलं की ते गुण्यात आलं. मिस्त्रीने पुढची दोरी रस्त्याला समांतर घेतली आणि बाजूची दोरी बांधाकडच्या कुंपणाला समांतर. पण मुळात प्लॉटच गुण्यात नव्हता.

शेताचा बांध नाल्याच्या अंगाने तिरका गेला होता आणि वसाहत पाडताना कडेची प्लॉटची ओळ त्या बांधालाच चिकटवली गेली. नकाशावर चार बाजूंची मापं होती : समोर 12, मागे 12, दोन्ही बाजूंना 15. समोरासमोरच्या बाजू सारख्या दिसल्या की माणूस आयत समजून चालतो. पण बाजू सारख्या असूनही चौकोन एका अंगाला कललेला असू शकतो, आणि हा प्लॉट मागच्या बाजूला डावीकडे सुमारे 35 सेंटिमीटर कलला होता. प्लॉट घेताना टेपने चार बाजू सगळेच मोजतात. त्याच वेळी दोन कर्ण मोजले तर हे तेव्हाच कळतं, आणि त्याला दहा मिनिटंही लागत नाहीत.

चूक नजरेला का दिसली नाही

मिस्त्रीने गुण्या लावला नव्हता असं नाही. पुढच्या दोन्ही कोपऱ्यांत, दोन दोऱ्या जिथे छेदतात तिथे, त्याने लोखंडी गुण्या धरून पाहिला होता. त्याची एक बाजू फूटभर. 32 फुटांत 9 इंचाचा कल म्हणजे एका फुटाला जेमतेम सव्वादोन सूत. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. नायलॉनची दोरी स्वतःच सूतभर जाड, ती वाऱ्याने हलते, गुण्या हातात अधांतरी धरलेला. अशा अवस्थेत दोन सुतं डोळ्याला कळत नाहीत. लहान गुण्या लहान कामासाठी असतो : विटेचा कोपरा, कॉलमची पाटी (कॉंक्रीटच्या साच्याची फळी), चौकटीचा जोड. फूटभराच्या हत्यारात एका सुताची चूक राहिली तर 32 फुटांवर ती 32 सुतांची, म्हणजे चार इंचांची होते. त्यावरून घराचा कोपरा ठरवायचाच नसतो.

दुसरं कारण जास्त फसवं होतं. बाजूची दोरी एकदा तिरकी बसली आणि पुढची सगळी मापं तिच्यापासून घेतली गेली. मधली दोरी तिच्यापासून दोन्ही टोकांना 12 फूट, पलीकडची 24 फूट. मागची रांग पुढच्या रांगेपासून सगळीकडे 32 फूट. जिथे मोजावं तिथे माप जुळत होतं. समोरासमोरच्या बाजू जुळणं ही कललेल्या चौकोनाचीही खूण आहे, हे त्या वेळी कोणाच्या ध्यानात आलं नाही. हा कल फक्त कर्णात दिसतो.

मग कर्ण आधीच का मोजले नाहीत? जेसीबीने पहिल्या रांगेचे खड्डे काढले आणि सगळी माती प्लॉटच्या मधोमध टाकली. पुरुषभर उंचीचा ढीग. कर्णाची टेप नेमकी त्याच्यावरून जाते. ढिगावरून टेप टाकून कर्ण मोजला तर तो लांब भरतो, आणि दोन्ही कर्ण ढिगाच्या वेगवेगळ्या अंगांवरून गेले तर तुलनाही फसते. त्यामुळे ‘माती उचलली की पाहू’ असं ठरलं आणि काम पुढे सरकत राहिलं. आखणीच्या दिवशीच जेसीबीवाल्याला माती कुठे टाकायची ते दाखवणं हा आखणीचाच भाग धरायला हवा. कर्णांच्या दोन्ही वाटा मोकळ्या ठेवायच्या.

कर्ण काय सांगतो

24 आणि 32 या बाजूंचा कर्ण 40 फूट येतो. 24 चा वर्ग 576, 32 चा 1024, बेरीज 1600, त्याचं वर्गमूळ 40. तीन-चार-पाचची आठपट. प्रत्येक खणाचा कर्ण तसाच 20 फूट, चारपट. मापं अशी सरळ आली की तपासणी सोपी जाते, म्हणून नकाशा काढतानाच कॉलमची अंतरं शक्य तिथे या हिशेबात बसवलेली बरी. चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखात भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढल्याची नोंद आहे. त्या भास्कराचार्यांच्या लीलावतीत काटकोन त्रिकोणाच्या बाजूंना भुज, कोटी आणि कर्ण अशी नावं आहेत. पहिली दोन नावं साइटवर राहिली नाहीत. कर्ण मात्र खानदेशातल्या साइटवर आजही रोज मोजला जातो.

त्या संध्याकाळी मातीचा ढीग हलवून कर्ण मोजले. मोजमापासाठी कोपऱ्यांना नावं दिली. रस्त्याकडचा डावा अ, उजवा ब, मागचा उजवा क, मागचा डावा ड. अ ते क हा कर्ण 39 फूट 6 इंच साडेचार सूत भरला. ब ते ड 40 फूट 5 इंच 3 सूत. फरक 10 इंच साडेसहा सूत.

फरकावरून किती सरकवायचं ते काढण्याचा हिशेब साधा आहे : दोन कर्णांतला फरक गुणिले कर्ण, भागिले रुंदीची दुप्पट. इथे 10.8 गुणिले 40, भागिले 48, म्हणजे 9 इंच. कर्णातला सगळाच्या सगळा फरक खुंटी सरकवून भरून काढायचा, ही चूक बऱ्याचदा होते. तसं केलं असतं तर खुंट्या पावणेदोन इंच जास्त सरकल्या असत्या आणि घर उलट्या अंगाला कललं असतं. सरकवायची दिशा लांब कर्ण सांगतो. तो आखूड होईल त्या बाजूला मागच्या दोन्ही खुंट्या सारख्याच सरकवायच्या. इथे ब ते ड लांब होता, म्हणून क आणि ड दोन्ही उजवीकडे 9 इंच. मधली रांग निम्म्या अंतरावर, तिला साडेचार इंच.

कर्ण मोजताना टेपची चूक फारशी आड येत नाही, हा या पद्धतीचा मोठा फायदा. मे महिन्यात पोलादी टेप तापून 40 फुटांत सूतभर वाढते. पण दोन्ही कर्ण त्याच टेपने, त्याच वेळी, तेवढ्याच ताणाने मोजले तर दोन्हींत तेवढीच वाढ येते आणि फरकातून ती निघून जाते. कापडी किंवा फायबरची टेप मात्र ताणेल तशी लांबते, आणि दोन माणसांचा ताण कधी सारखा नसतो. ती या कामाला नको. टेप खिळ्यापासून खिळ्यापर्यंत धरायची, खुंटीच्या कडेपासून नाही. टोकाची कडी घासली म्हणून काही जण एक फुटाच्या खुणेपासून मोजतात आणि दुसऱ्या टोकाला तो फूट वजा करायला विसरतात. तसं मोजायचं तर दोन्ही कर्ण तसेच मोजावेत. जमीन उताराची असेल तर टेप आडवी धरून टोकाला ओळंबा सोडावा. 40 फुटांत दोन फूट चढ असला तरी माप पाच सुतांनी वाढतं.

नुसते कर्ण सारखे आले म्हणजे चौकोन गुण्यात आला, असंही नाही. समोर 24 फूट आणि मागे 23 फूट 8 इंच, दोन्हीकडून सारखं आत आलेलं, अशा चौकोनाचे कर्णही सारखेच भरतात. म्हणून समोरासमोरच्या बाजू सारख्या आणि कर्णही सारखे, या दोन्ही गोष्टी एकदम जुळाव्या लागतात.

‘नऊ इंचाने काय होतं?’

मालकाचा पहिला प्रश्न हाच होता, आणि तो रास्त होता. घर कुंपणाला समांतर राहिलं असतं, बाजूची मोकळी जागा पुढून मागे सारखी दिसली असती. बाहेरून कोणालाही काही कळलं नसतं. उत्तर घराच्या आत होतं. कल घराच्या प्रत्येक खोलीत त्याच प्रमाणात येतो. 12 फुटांच्या भिंतीला तो 3 इंच 3 सूत होतो. दोन फुटी व्हिट्रिफाइड टाइल एका भिंतीच्या दोरीत लावली तर शेजारच्या भिंतीशी एका टोकाला टाइल भिडते आणि दुसऱ्या टोकाला सव्वातीन इंचाची पाचर भरावी लागते. प्रत्येक खोलीत, एकाच दिशेला. ओट्याचा ग्रॅनाइट कोपऱ्यात फट सोडतो. प्लायवूडचं कपाट काटकोनात बनून येतं आणि एका बाजूने भिंतीपासून सुटतं. फॉल्स सीलिंगची पट्टी तर डोक्यावरून तिरकी पळताना दिसते.

धाब्याच्या जुन्या घरांत हे चालून गेलं. दोन-दोन फूट जाडीच्या मातीच्या भिंती, सारवलेली जमीन, लाकडी पाटईवरचं मातीचं धाबं. त्या घरात काटकोन मोजून दाखवणारी वस्तूच नव्हती. आजच्या घरात सहा इंची भिंत आणि कारखान्यात काटकोनात कापून आलेली टाइल, त्यामुळे भिंतीचा कल जमिनीवर रेघ मारल्यासारखा दिसतो.

‘प्लास्टरमध्ये मारून घेऊ’ हीही सूचना आली. इंचभर प्लास्टरमध्ये तीन इंच बसत नाहीत, आणि बसवायला गेलं तर जाड प्लास्टर सुटतं. दुसरी सूचना जास्त घातक होती : फुटिंग जागच्या जागी ओतायचे आणि कॉलमच्या सळया प्लिंथपाशी, म्हणजे जोत्यापाशी, वाकवून नऊ इंच सरकवायच्या. कॉलमचा भार मग फुटिंगच्या मधोमध पडत नाही आणि वाकलेल्या सळईत जोर उरत नाही. इंजिनिअरने ती ऐकूनही घेतली नाही, आणि ते योग्यच केलं.

दुरुस्ती

पुढची रांग पायारेषा म्हणून कायम धरली. ती रस्त्याला समांतर होती, ओतून झाली होती आणि तिच्यात दोष नव्हता. मागच्या रांगेबाहेर, खड्ड्याच्या कडेपासून चार फुटांवर, विटांच्या बुर्ज्या सिमेंटमध्ये बांधून त्यांच्या माथ्यावर खिळे बसवले. पहिल्या वेळी लाकडी खुंट्या थेट काळ्या मातीत ठोकल्या होत्या. उन्हात ही माती भेगाळते आणि खुंटी सैल होते. खड्ड्याच्या काठाला असेल तर कड ढासळून तीही सोबत जाते. काळ्या जमिनीत बुर्जी हा फाजील खर्च नाही.

नवे कोपरे दोन टेप घेऊन काढले. एक टेप अ पासून 32 फुटांवर, दुसरी ब पासून 40 फुटांवर. दोन्ही आडव्या, ताणून. जिथे भेटल्या तो ड. मग उलट बाजूने क. शेवटी ड ते क 24 फूट भरतं का ते पाहिलं. कल काढल्यामुळे पुढून मागच्या मापात पडणारा फरक एका सुताहून कमी, पण मधली आणि मागची दोन्ही मापं पुन्हा घेतली. चारही खणांचे आठ कर्ण 20 फुटांशी ताडले. अट दोन सुतांची ठेवली होती. एवढा फरक कॉलमच्या पाट्यांत आणि प्लास्टरमध्ये सहज सामावतो.

खड्डे सहा फूट चौरस, पीसीसी पाच फूट, फुटिंग साडेचार फूट. पीसीसी फुटिंगच्या चारही बाजूंना तीन-तीन इंच बाहेर. मधली रांग साडेचार इंच सरकली, म्हणजे फुटिंग पीसीसीच्या दीड इंच बाहेर जाणार. मागची रांग सहा इंच बाहेर. म्हणून मधल्या तीन खड्ड्यांत उजवीकडे साडेचार इंच आणि मागच्या तिन्हींत नऊ इंच रुंदीची, चार इंच जाडीची जादा पीसीसीची पट्टी टाकली. सगळी मिळून साडेपाच घनफुटांच्या आसपास. 1:4:8 च्या (सिमेंट, वाळू, खडी) मालाला सिमेंट अर्ध्या पिशवीच्या जवळपास. मागच्या खड्ड्यांत फुटिंग थेट मातीच्या भिंतीला भिडत होता, पाटी लावायला जागा उरत नव्हती. तिथे उजवी कड आणखी सहा इंच तासून घेतली.

यात एकच गोष्ट चुकण्याजोगी होती. तासलेली काळी माती खड्ड्याच्या तळाशी पडते आणि घाईत तिच्यावरच पट्टी ओतली जाते. मग फुटिंगचा बहुतेक भाग मुरमावर बसतो आणि एक कड भुसभुशीत मातीवर. तळ हाताने साफ करून मुरूम दिसेपर्यंत खरवडला आणि मगच पट्टी टाकली.

दोरीवरचा मध्य खड्ड्यात उतरवायला ओळंबा सोडला. सहा फूट खोलीवर तो वाऱ्याने हलत राहतो. म्हणून खाली पाण्याची बादली ठेवून ओळंब्याचा शेंडा पाण्यात बुडवला. तो स्थिर झाला की दोरा मधोमध धरून पीसीसीवर पेन्सिलची फुली मारायची. जाळी आणि कॉलमची सळई त्या फुलीवरून एकत्रच सरकवली.

पुढच्या रांगेतल्या ओतलेल्या तीन कॉलमचा स्टार्टर (फुटिंगवरचा कॉलमचा पहिला बुटका तुकडा) जुन्या तिरक्या दोरीला समांतर बसला होता. 9 बाय 12 इंचांच्या कॉलममध्ये ते वळण लांबीभर सव्वादोन सूत, मध्यापासून दोन्हीकडे सुमारे एक सूत. वरच्या पाट्या नव्या दोरीत लावायच्या आणि सळईभोवतीचं कव्हर, म्हणजे तिच्यावरचा कॉंक्रीटचा थर, तेवढं इकडेतिकडे होऊ द्यायचं, असं इंजिनिअरने ठरवून दिलं.

त्याच दिवशी मिस्त्रीचा गुण्याही तपासला. सपाट प्लायवूडच्या सरळ कडेला एक बाजू टेकवून दुसऱ्या बाजूने रेघ मारायची, मग गुण्या उलटा करून त्याच बिंदूतून दुसरी रेघ. रेघा एकावर एक आल्या तर गुण्या खरा. फाकल्या तर जेवढं अंतर, त्याच्या निम्मी गुण्याची चूक. हा गुण्या फूटभरात अर्ध्या सुताने उघडा निघाला. परांचीवरून पडलेला, विटा ठोकायला वापरलेला गुण्या असाच होतो. तो चौकटींच्या कामाला नको म्हणून बाजूला ठेवला. दारांच्या चौकटी पुढे कर्णावरच तपासायच्या ठरल्या. 7 बाय 3 फुटांच्या चौकटीचा कर्ण 7 फूट 7 इंच 3 सूत. तो जुळला की वर तिरपी पट्टी ठोकायची, आणि चौकट भिंतीत पक्की बसेपर्यंत ती काढायची नाही.

मालकाला शेवटी एकच गोष्ट पटायची होती, कुंपणाशी होणारी पाचर. डावीकडची मोकळी जागा पुढे 5 फूट आणि घराच्या मागच्या टोकाला 5 फूट 9 इंच झाली. उजवीकडे, गाडीच्या बाजूला, 9 फूट 7 इंचांची 8 फूट 10 इंच. मंजूर नकाशातलं बाजूचं अंतर या सर्वांत अरुंद जागी मोजून पाहिलं, ते सुटत होतं. डाव्या बोळात शहाबादी फरशी घराच्या भिंतीला धरून लावायची आणि उरलेल्या तिरक्या पट्टीत कुंपणाकडून मातीचा वाफा सोडायचा ठरलं. तो वाफा रस्त्याकडे शून्यातून सुरू होऊन मागे नऊ इंचांचा होतो.

मधल्या रांगेचं कॉंक्रीट एक दिवस उशिरा पडलं. प्लिंथ बीमच्या पाट्या लागल्यावर, माल ओतण्याआधी, चारही खणांचे कर्ण पुन्हा घेतले. सर्वांत जास्त फरक दीड सूत.